सशांना ढेप मी घातली

सशाचं मटण विकताना मागचा एक पाय केसांसकट तसाच ठेवायचा असतो. हे मला कुठल्या पुस्तकात सापडलं नाही. यवतमाळच्या एका वकिलांच्या खानसाम्यानं शिकवलं. त्याच्याकडे मी पहिला ससा साफ करून पाठवला, तो त्यानं तसाच फडक्यात बांधून परत आणला आणि माझ्या टेबलावर ठेवला. म्हणाला, "वकीलसाहेब विचारून राह्यले, हे जितं असताना म्याव तर नव्हतं करत?"

सोललेलं मांजर आणि सोललेला ससा शेजारी ठेवले तर भले भले फसतात. तेव्हापासून आम्ही एक पाय सोलायचा ठेवला. तो लांबट, केसाळ पंजा दिसला की गिऱ्हाईक निर्धास्त होत असे.

ही गोष्ट मी नोकरीत असताना आणि निवृत्त झाल्यावर कितीदा सांगितली असेल! लोक हसतात. हसून झालं की विषय बदलतो. ते ससे कोणी वाढवले, कशावर वाढवले आणि शेवटी त्यांचं काय झालं, हे आजवर कोणी विचारलं नाही, म्हणून मलाही सांगावं लागलं नाही.

महाराष्ट्र राज्य नुकतंच झालं होतं. दारव्हा तालुक्यात विकास गटाच्या कचेरीत मी स्टॉकमन होतो. म्हणजे ना डॉक्टर, ना शिपाई. कोंबड्यांना लस टोचायची, खच्चीकरणाला गोऱ्हे धरायचे, गावोगाव सायकलनं फिरून कागद भरायचे. वय पंचवीस. अंगात फार हुशारी होती. वरच्या कोणाच्या तरी मनात आलं, की गरिबाला स्वस्तात मांस मिळायचं तर विलायती ससे पाळायला द्यावेत. एक दिवस एसटीच्या टपावरून बांबूच्या करंडीत एक नर आणि चार माद्या आल्या. पांढऱ्याशुभ्र, लाल डोळ्यांच्या, एकच तेवढी काळ्या ठिपक्यांची कबरी.

ते घ्यायला कोणी तयार होईना. कास्तकार मंडळी शिकारीचा ससा चवीनं खात, पण घरी पाळायचा म्हटलं की हसत. "साहेब, उंदराले जरासे कान ओढून आणलं का?" असं एका पाटलानं मला चार लोकांत विचारलं. शेवटी बोरी अरबच्या पलीकडच्या एका गावात, गावाबाहेरच्या बौद्ध वस्तीत एका बाईनं हो म्हटलं. सुभद्राबाई तिचं नाव. तिचा नवरा किसन हंगामात कापसाच्या जिनात कामाला जाई, एरवी मजुरी. दीक्षा घेऊन त्यांना चार-पाच वर्षं झाली होती. त्या वस्तीनं मेलेली गुरं ओढण्याचं काम टाकून दिलं होतं, आणि त्यामुळे गाव त्यांच्यावर नाराज होतं. कामं मिळेनाशी झाली होती. सुभद्राबाई मला म्हणाली, "साहेब, आमाले असं काही द्या, का ज्याच्यासाठी गावाच्या दारात जा लागनार नाई."

ती माझ्याहून आठ-दहा वर्षांनी तरी मोठी होती. मी तिला 'अगं सुभद्रे' म्हणत असे. ती मला 'साहेब, तुमी' म्हणत असे. तेव्हा त्यात मला काही खटकलं नाही. तिच्या घरचं पाणीही मी घेत नव्हतो. तहान नाही, असं सांगायचो. वैशाखात, आठ मैल सायकल हाणून आल्यावर.

किसननं खोक्यांच्या फळ्या आणि जाळी जोडून पिंजरे केले, वर कापसाच्या वाळक्या पऱ्हाट्यांचा मांडव घातला. पिंजरे जमिनीपासून कमरेइतके उंच, म्हणजे लेंडी खाली पडते आणि साप-मुंगूस वर येत नाही. सशाला थंडी चालते, ऊन चालत नाही. आपल्याकडच्या मे महिन्यात तो धापा टाकून मरतो. सुभद्राबाई दुपारभर पिंजऱ्यांवर ओली पोती टाकायची. मादी महिन्याभरात विते. विण्याआधी काही दिवस ती स्वतःच्या छातीचे केस उपटून पिल्लांसाठी गादी करते. हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा सुभद्राबाई बराच वेळ पिंजऱ्यापुढे बसून होती. "मायबाई, आपल्याच आंगचं काढून राह्यली," एवढंच म्हणाली.

खरी अडचण खाण्याची. माझ्याकडे एक इंग्रजी पुस्तिका होती. तिच्यात लसूणघास, ओट, हरभरा असं लिहिलेलं. लसूणघास सरकारी फार्मवर सोडून जिल्ह्यात कुठे होता? हरभरा माणसाला मिळत नव्हता, तो सशाला कोण घालणार? मी पुस्तिका उघडून बसलो होतो, तोवर या बाईनं काम सुरू केलं होतं. बांधावरचा केना, शेवग्याचा पाला, हादगा, बोरीचे कोवळे शेंडे, अंबाडीची पानं, तूर सोंगल्यावर खाली पडलेला वाळका पाला. प्रत्येक नवीन पाला ती आधी एकाच सशाला द्यायची, तोही मूठभर. दोन दिवस त्याची लेंडी पाहायची. लेंडी गोल, कोरडी पडली तर तिसऱ्या दिवशी बाकीच्यांना. हिरवा पाला कधी ओला घालायची नाही. सावलीत अर्धा दिवस पसरून मऊ पडू द्यायची.

"असं का करतेस?" मी विचारलं.

"वलं खाल्लं का पोट फुगते त्याचं. बकरीसारखं त्याले रवंथ करता येत नाई नं जी."

हे मला पुस्तिकेत चार पानांनंतर सापडलं.

एकदा मात्र मी तिच्यावर ओरडलो. सकाळी लवकर पोहोचलो होतो. पाहतो तो कबरी मादी मान पोटाखाली घालून स्वतःचीच मऊ लेंडी तोंडानं घेत होती. माझं डोकं फिरलं. "ही काय घाण ठेवतेस? जनावरं शेण खाऊन राहिली! तुमच्या लोकांना साफसफाई कधी कळणार?" असं मी बोललो. 'तुमच्या लोकांना' हे शब्द मी वापरले होते, हे मला नीट आठवतं. सुभद्राबाई खाली पाहत म्हणाली, "रोज पहाटे खाते जी ते. सगळेच खातात. नाई खाल्लं त बिमार पडतात." मी ऐकलं नाही. पुढे कळलं, की सशाची रीतच ती. एकदा खाल्लेलं पुरतं पचत नाही, म्हणून मऊ लेंडी तो परत खातो आणि दुसऱ्यांदा पचवतो. गाय रवंथ करते, हा असा करतो. तिनं ते नुसतं पाहून ओळखलं होतं. मी त्याबद्दल तिला कधी काही बोललो नाही.

दोन वर्षांत पाचाचे चाळीसवर ससे झाले. बोरी अरबच्या बाजारात 'सरकारी ससे' म्हणून खपायला लागले. वस्तीतून आले म्हटलं असतं तर कोणी घेतले नसते, म्हणून मीच ते नाव ठेवलं होतं, आणि विकायला सुभद्राबाई नाही, मी उभा राहायचो. मी खात्याच्या पत्रिकेत एक लेखही लिहिला, 'वऱ्हाडातील स्थानिक पाल्यावर ससेपालन'. कुठला पाला, किती सुकवायचा, कसा सवयीचा करायचा, सगळं त्यात होतं. सुभद्राबाईचं नाव नव्हतं. वरून शाबासकीचं पत्र आलं. त्यात असंही होतं, की नागपूरचे मोठे साहेब दिवाळीनंतर पाहणीला येतील, आणि त्यांना पसंत पडलं तर वस्तीतल्या आणखी आठ घरांना ससे देण्यात येतील. ती आठ घरं पिंजरे करायलाही लागली. किसन दर रविवारी कोणाच्या ना कोणाच्या अंगणात करवत घेऊन बसलेला दिसायचा.

मला मात्र ससे हडकुळे वाटायला लागले. पाल्यावर ससा वाढतो, पण सावकाश वाढतो. साहेबांसमोर ते गरगरीत दिसायला हवे होते. आमचा जिल्हा कापसाचा. सरकीची ढेप घालून म्हशी दूध देतात, बैल तकतकीत होतात. मला वाटलं, ससाही होईल. 'सरकीवर ससा' असा दुसरा लेखही मनात तयार झाला. एका तेलघाणीवाल्याकडून दोन पोती ढेप मागून घेतली आणि दसऱ्यानंतर वस्तीत नेऊन टाकली.

सुभद्राबाईनं ढेपेचा तुकडा हातात घेतला, फोडला, नाकाला लावला. "एकीले देऊन पाह्यतो आधी," ती म्हणाली.

"वेळ नाही. सगळ्यांना घाल. पाला निम्मा कर."

"साहेब, दोन-चार आठवडे तरी पाहू द्या."

"तू मला शिकवू नकोस."

तिनं घातली. पहिले पंधरा दिवस मीच जिंकलो असं वाटलं. ससे भरले, केस चमकायला लागले. मग ते खायचे कमी झाले. मी गेलो की ती सांगायची, "ढेप खाऊन नाई राह्यले जी. कोपऱ्यात बसून राह्यतात. दम लागते त्यायले." मी म्हणायचो, हवा बदलली आहे. महिना उलटला आणि एका सकाळी तीन ससे मेलेले सापडले. दुसऱ्या दिवशी पाच.

मी एक मेलेला ससा पिशवीत घालून यवतमाळला गुरांच्या डॉक्टरांकडे नेला. डॉक्टर वयस्कर, शांत माणूस. त्यांनी पोट उघडलं. आत पाणी साचलेलं, काळीज सुजलेलं. हात धुता धुता त्यांनी विचारलं, "ढेप किती घालत होतात?"

मी म्हणालो, "थोडीशीच."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "सरकीत एक विष असतं. गाई-म्हशीच्या पोटात ते जिरतं, त्यांची पोटं चार. या एका पोटाच्या जनावराला ते हळूहळू मारतं. आजपासून बंद करा. काही वाचतीलही."

परतीच्या एसटीत मी खिडकीशी बसलो होतो आणि माझ्या डोक्यात सशांचा विचार नव्हता. साहेब आठ दिवसांवर आले होते, आणि कागदावर काय लिहायचं, हा विचार होता.

ढेप बंद केली. तरी साहेब यायच्या आधी सगळे ससे गेले. राहिली ती एकटी कबरी मादी. तिनं पहिल्या दिवसापासून ढेपेला तोंड लावलं नव्हतं, आणि सुभद्राबाईनं मला न सांगता तिला नुसत्या पाल्यावर ठेवलं होतं. कबरी गाभण होती. छातीचे केस उपटून तिनं गादी करायला घेतली होती.

मेलेल्या सशांचा ढीग मांडवाखाली पडला होता. वास सुटला होता. मी नाकाला रुमाल लावून किसनला म्हणालो, "हे उचल आणि लांब नेऊन टाक. तुम्हाला काय, सवय आहे."

किसन एरवी फारसा बोलत नसे. तो उभा राहिला. "ते काम आमी सोडलं, साहेब. गावानं वाळीत टाकलं, तरी सोडलं." मग म्हणाला, "पन हे आमच्या घरचे ससे हायेत. आमीच पुरू." नवरा-बायकोनं मागच्या पडीक जागेत खड्डा खणला आणि एकेक ससा हातानं उचलून त्यात ठेवला. मी सायकल धरून उभा होतो.

दुसऱ्या दिवशी अहवाल लिहिला. त्यातलं वाक्य मला आजही पाठ आहे : 'लाभधारक कुटुंबाच्या अस्वच्छ व निष्काळजी देखभालीमुळे सशांत रोग पसरून एक मादी वगळता सर्व जनावरे दगावली.' ढेपेचा उल्लेख केला नाही. डॉक्टरांचं बोलणं तोंडी होतं, कागद नव्हता. आणि त्यांची बदलीही त्याच सुमारास ठरली होती. अक्षर चांगलं आलं होतं.

कबरी मादी मी सरकारी मालमत्ता म्हणून ताब्यात घेतली, फार्मवर नेतो असं सांगून. सुभद्राबाईनं तिला करंडीत घातलं, खाली उपटलेल्या केसांची गादी ठेवली, वर शेवग्याचा पाला. "तीन-चार रोजात विईन साहेब. फार्मावर सांगजा, वलं घालू नका म्हना. आन् ढेप नका देऊ म्हनावं."

"सांगतो," मी म्हणालो.

विश्रामगृहावर साहेब उतरले होते. मी करंडी घेऊन गेलो तर साहेबांनी वरून पाहिलं, अहवाल चाळला, मान हलवली. "या लोकांना जनावर देऊन उपयोग नाही, असंच दिसतं," म्हणाले. ते त्यांनी अहवालाच्या समासात इंग्रजीत लिहिलंही. मग करंडीकडे बोट करून हसत विचारलं, "आणि हा खायला कसा लागतो, ते तरी कळू द्या."

मादी गाभण आहे, असं मला सांगता आलं असतं. तीन शब्द होते. गाभण जनावर कापत नाहीत, हे साहेबांनाही मान्य झालं असतं, ते काही दुष्ट नव्हते. मी बोललो नाही. स्वयंपाक्यानं करंडी आत नेली. थोड्या वेळानं तो दारात येऊन मला खुणेनं बोलवायला लागला. पोटात काय निघालं ते त्याला सांगायचं होतं. मी गेलो नाही. दुपारी जेवणाच्या टेबलावर साहेबांनी मलाही बसवलं, आणि मी जेवलो. त्या दिवशी पाय सोलायचा का ठेवायचा, हा प्रश्न नव्हता.

आठ घरांचे ससे आले नाहीत. समासातला शेरा मात्र पुढे पुढे जात राहिला. त्या वस्तीनं पुढच्या वर्षी शेळ्यांसाठी अर्ज केला, तो 'पूर्वानुभव पाहता' नामंजूर झाला. कागद माझ्याच हाताखालून गेला. त्यानंतर वर्षभरात मला बढती मिळाली, बदली नेरला झाली. लेखाचा त्यात हात होता, असं म्हणतात.

चार-साडेचार वर्षांनी एका लसीकरणाच्या कामानं मी परत बोरी अरबकडे गेलो. तोवर माझं लग्न झालं होतं, मुलगी झाली होती. का कोण जाणे, सायकल आपोआप वस्तीकडे वळली. खरं सांगायचं तर आपोआप नाही. आदल्या दिवसापासून मी काय बोलायचं ते मनात घोकत होतो.

सुभद्राबाई अंगणात वेचणीच्या कापसातला कचरा काढत बसली होती. दुसऱ्याच्या शेतातला कापूस. शेजारची म्हातारी जवळ बसली होती. मांडव नव्हता. त्या आठ घरांपुढच्या पिंजऱ्यांच्या फळ्या कुठे दाराला, कुठे चुलीपाशी लागलेल्या दिसल्या. किसन जिनात गेला होता.

"बसा साहेब," ती म्हणाली आणि पोतं झटकून टाकलं.

मी उभ्या उभ्याच बोललो. "सुभद्राबाई, तुम्हाला सांगायचं होतं. ते ससे ढेपेनं मेले. तुमची चूक नव्हती."

तिनं हातातलं बोंड खाली ठेवलं. चेहऱ्यावर आश्चर्य नव्हतं. "मले माहीत हाये जी. तुमालेबी तवाच माहीत होतं."

मी मान हलवली.

"मंग मले कायले सांगता? मी त सांगूनच राह्यली होती तुमाले. जिथं लिवलं तिथं लिवा नं. आमच्या वस्तीचा कागद खराब झाला त्याच्यानं. पोरं मोठे होऊन राह्यले आमचे, त्यायले काही मागा लागलं त तोच कागद आडवा येते."

"लिहितो," मी म्हणालो. "नक्की लिहितो."

ते मी लिहिलं नाही. आधी बढतीची भीती होती, मग पगारवाढीची, शेवटी पेन्शनची. निवृत्त झालो तेव्हा जुने कागद मोडीत गेले होते, आणि मला सुटल्यासारखं वाटलं, हेही इथे कबूल करतो.

पण त्या दिवशी मी निघायला लागलो, सायकलला पाय लावला, तेव्हा ती मागून आली. तिला आणखी एक विचारायचं होतं. कागदाबद्दल बोलताना तिचा आवाज कडक होता. आता तो वेगळा होता, माहेरच्या माणसाची चौकशी करावी तसा.

"साहेब, ते कबरी, फार्मावर नेली होती नं तुमी. व्याली का बरोबर?"

मी सगळं कबूल करायला आलो होतो. तोंड उघडलं आणि म्हणालो, "हो. सात झाली. सगळी जगली."

तिचा चेहरा उजळला. ती वळली आणि कापसाशी बसलेल्या म्हातारीला मोठ्यानं म्हणाली, "ऐकलं का बुढे, आपल्या कबरीले सात झाले! सातच्या सात जगले!"